न काढताच हरवलेलं रीळ

डेलिया : तो कोंबडा खाली ठेवा, मिस्टर अल्विन.

अल्विन : कुठला कोंबडा?

डेलिया : तुमच्या हातात आहे तो.

अल्विन : हा होय. चिनी मातीचा आहे. धूळ बसते त्याच्यावर, म्हणून पुसत होतो.

डेलिया : जेवणाची सुट्टी झाल्यापासून पुसताय. आणि पुसून ठेवलात की त्याचं तोंड भिंतीकडे होतं. सकाळच्या शॉटमध्ये तो खिडकीतून बाहेर बघत होता.

अल्विन : कंटाळला असेल. बाहेर बघण्यासारखं काही नाहीच.

डेलिया : मी गंमत करत नाहीये.

अल्विन : मी पण नाही. पार पलीकडच्या शूलेनबर्ग गावापर्यंत नुसतं वाळलेलं गवत आहे.

डेलिया : सोमवारी भिंतीवरचं घड्याळ. एकाच वाक्यात आधी पावणेतीन वाजले, मग सव्वाअकरा. मंगळवारी दुधाची बाटली. नायिका दूध पितेय आणि बाटली भरत चाललीय. आणि काल तर खून चालू असताना खिडकीमागून तुम्ही धुण्याची टोपली घेऊन गेलात.

अल्विन : धुणं वाळलं होतं.

डेलिया : दोनदा गेलात.

अल्विन : चादरी जास्त होत्या.

डेलिया : तुम्ही एकटे राहता. एवढ्या चादरी कुणाच्या?

अल्विन : कपाटातल्या काढून धुतल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस चादरी धुतो.

डेलिया : आम्ही सगळे मोटेलात झोपतो.

अल्विन : ते मला धुतल्यावर कळलं.

डेलिया : आणि परवा टेबलावर तुमचा मोबाइल. सिनेमा एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये घडतो, मिस्टर अल्विन! शॉटच्या मधोमध मोबाइल! वाजला असता म्हणजे?

अल्विन : वाजला नसता.

डेलिया : का, बंद होता?

अल्विन : नाही. चालू होता.

डेलिया : …बरं. मला एकच सांगा. हे सगळं कशासाठी?

अल्विन : तूच शिकवलंस.

डेलिया : मी?

अल्विन : पहिल्या दिवशी आलीस आणि घरातल्या एकेका वस्तूचे फोटो काढायला लागलीस. मी विचारलं, पोरी, विमा कंपनीकडून आलीस का? तर म्हणालीस, नाही, मी कंटिन्युइटी बघते. एका शॉटमधला पेला पुढच्या शॉटमध्ये जागचा हलला तरी सगळं पहिल्यापासून काढावं लागतं. कधीकधी अख्खा दिवस जातो त्यात.

डेलिया : म्हणाले होते खरी.

अल्विन : मग मी म्हटलं, पेला हलवायला आपलं काय जातंय.

डेलिया : म्हणजे आम्ही आणखी थांबावं म्हणून?

अल्विन : मी असं काही म्हणालो का? कोंबड्याबद्दल बोलत होतो आपण.

डेलिया : मिस्टर अल्विन, तुमचा सिनेमा चुकला. दुसरा कुठलाही असता ना, तर तुम्ही आम्हाला नाताळपर्यंत इथं डांबून ठेवलं असतं. पण आमच्या दिग्दर्शकाला, टॅनरला, चुकाच हव्यात. पन्नास वर्षांपूर्वीचे ते स्वस्तातले सिनेमे असतात ना, गाडीत बसून बघायच्या ड्राइव्ह-इनमध्ये लागायचे ते, रक्ताचा सडा आणि किंचाळ्या, त्यावर त्याचा जीव आहे. वरून माइक लोंबतोय, मेलेला माणूस श्वास घेतोय, रात्रीच्या पाठलागात टळटळीत ऊन पडलंय. त्याला आपला सिनेमा अगदी तस्सा हवाय.

अल्विन : ते मी बघितलेत. बायकोला, लिडीला घेऊन जायचो. ती सगळा सिनेमा माझ्या हॅटच्या आड बसून बघायची आणि घरी आल्यावर गोष्ट मला समजावून सांगायची. पण पोरी, ती माणसं मुद्दाम नव्हती चुकत. त्यांच्याकडे पैसे नव्हते.

डेलिया : टॅनरकडे आहेत. लॉस एंजेलिसमध्ये दोन माणसं ठेवलीत त्यानं. सिनेमा पूर्ण झाला की त्यावर ओरखडे आणि धूळ घालायला.

अल्विन : धूळ? पगार देऊन?

डेलिया : कॉम्प्युटरवर घालतात.

अल्विन : आणि मी इथं कोंबडा पुसतोय.

डेलिया : घड्याळाची चूक घेऊन मी त्याच्याकडे गेले, तर त्यानं मला मिठी मारली. दुधाच्या बाटलीला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचा टोपलीसकटचा फोटो तर पोस्टरवर घ्यायचं म्हणतोय.

अल्विन : म्हणजे एकही शॉट परत नाही काढला?

डेलिया : एकही नाही. उलट तुमच्यामुळे आम्ही वेळेच्या पुढे आहोत.

अल्विन : अरे देवा.

डेलिया : माझं काय होतंय ते बघा ना. इतकी वर्षं मी चुका पकडतेय. सेटवर माझ्याशी कुणी बोललं तर काय बोलतं? 'पेला डाव्या हातात होता की उजव्या?' बस. पण बोलतात तरी. या सिनेमात तेवढंही कुणी विचारत नाही.

अल्विन : मी विचारतो की. कॉफी घेणार का म्हणून रोज सकाळी विचारतो.

डेलिया : हो. म्हणून तर सांगायला मी आले. खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला पाठवणार होते.

अल्विन : काय सांगायला?

डेलिया : …ओव्हनमध्ये काय आहे? वास छान येतोय.

अल्विन : कोलाचे. आमच्या चेक लोकांचे गोड पाव. अर्धे जर्दाळूचे, अर्धे खसखशीचे. लिडीसारखे नाहीत, पण फुगलेत. ब्रिस्केटला, गाईच्या छातीच्या मांसाला, मीठमिरी चोळून ठेवलीय, संध्याकाळी मागच्या भट्टीत टाकली की उद्या दुपारपर्यंत सुरी लागायची नाही. तुमच्या त्या सामानवाल्या बाईनं जेवणाच्या शॉटसाठी प्लास्टिकची कोंबडी आणली होती. मी म्हटलं, बाई, माझ्या टेबलावर प्लास्टिक नाही.

डेलिया : मिस्टर अल्विन—

अल्विन : टेबल बघितलंस का? ओढून मोठं केलं, मधल्या दोन्ही फळ्या घातल्या. एका बाजूनं मी ओढलं, दुसऱ्या बाजूनं रँडीनं.

डेलिया : रँडी? आमचा खुनी?

अल्विन : तोच. लिडी गेल्यापासून मिटलेलंच होतं टेबल. दोन बाजूंनी ओढायला लागतं त्याला. एकट्यानं उघडत नाही आणि मिटतही नाही. पोरगा गुणी आहे हो. डोक्यावर ती खुन्याची, मधमाश्या पाळणारे घालतात तसली जाळी घालून बसतो, पण डॉमिनोच्या सोंगट्यांचा तो 'बेचाळीस' नावाचा खेळ झकास खेळतो. जाळीतून त्याला सोंगट्यांवरचे ठिपके दिसत नाहीत एवढंच. मी सांगतो त्याला.

डेलिया : त्याच्या हातातल्या सोंगट्या तुम्ही त्याला सांगता?

अल्विन : मग काय करणार? चौघं लागतात त्या खेळाला. सांभाळून घ्यावं लागतं.

डेलिया : जेवणाचा शॉट होणार नाहीये.

अल्विन : का? पाऊस येणार आहे?

डेलिया : पाऊस कुठंय इथं?

अल्विन : म्हणून तर आशेनं विचारलं.

डेलिया : टॅनरनं ठरवलंय की ते रीळ हरवलं.

अल्विन : हरवलं? अजून काढलं कुठंय?

डेलिया : न काढताच हरवायचं.

अल्विन : पोलिसांत कळवलं?

डेलिया : तसं नाही हो. त्या काळात सिनेमाची रिळं गावोगाव फिरायची. एखादं हरवायचं, एखादं जळायचं. मग थिएटरवाला पाटी दाखवायचा, 'एक रीळ गहाळ आहे, क्षमस्व', आणि सिनेमा पुढे सुरू. टॅनर तेच करणार. सगळं कुटुंब जेवायला बसतं, पाटी येते, आणि एकदम घर पेटलेलं.

अल्विन : माझं घर?

डेलिया : तुमचं नाही. एवढंसं पुठ्ठ्याचं केलंय. ते ऑस्टिनला जाळणार आहेत.

अल्विन : पडदे आहेत का त्याला? नारिंगी?

डेलिया : आहेत.

अल्विन : लिडीनं शिवले होते. बरं, मग जेवताना झालं काय? आग कशी लागली?

डेलिया : ते कुणालाच कळत नाही. लोकांना तेच आवडतं. टाळ्या वाजवतात.

अल्विन : जेवायला न दिल्याबद्दल?

डेलिया : त्यामुळे आमचा एक दिवस वाचला. आज संध्याकाळी सामान भरून निघायचंय.

अल्विन : आज.

डेलिया : हो. आज.

अल्विन : उद्या नाही.

डेलिया : नाही.

अल्विन : बरं. तुम्हाला तुमची कामं असतात. एसी आता लावला तरी चालेल ना? आवाज होतो म्हणून तुम्ही बंद करायला लावला होता.

डेलिया : लावा.

अल्विन : आणि सिनेमासाठी भिंतीवर लावलेलं ते चौऱ्याहत्तरचं कॅलेंडर तुमचंय, घेऊन जा आठवणीनं. परवा त्याच्यावर वार बघून मी डॉक्टरकडे गेलो. कुलूप होतं. पायरीवर बसून राहिलो बराच वेळ. म्हटलं उघडतील. कोलाचे तरी घेऊन जा. डबा देतो. डबा परत नको.

डेलिया : मिस्टर अल्विन, एक मिनिट. सकाळी पोर्चवर शूटिंग चाललं होतं, शेवटचा खून. तेव्हा तुम्ही कुठं होतात?

अल्विन : इथंच. पीठ मळत होतो.

डेलिया : पूर्ण वेळ?

अल्विन : पीठ अर्धवट सोडून कुठं जाणार?

डेलिया : म्हणजे पोर्चवर तुम्ही कशालाच हात लावला नाही.

अल्विन : शपथ. आज मी काही केलं नाही.

डेलिया : थांबा जरा. बोलू नका.

(ती कमरेची वॉकीटॉकी काढते. खरखर.)

डेलिया : टॅनर, आहेस का?

टॅनर : डेलिया! कोंबडा कुठं बघतोय?

डेलिया : भिंतीकडे.

टॅनर : आधी खिडकीकडे होता ना? काय बात आहे! कुणी हात लावू नका त्याला. देवमाणूस आहे तो म्हातारा, देवमाणूस!

डेलिया : टॅनर, सकाळचा पोर्चवरचा शॉट मी तपासलाय.

टॅनर : आणि? सांग, सांग. जाळी उलटी होती? रक्त आधी आणि फावडं नंतर?

डेलिया : सगळं जुळतंय.

टॅनर : म्हणजे?

डेलिया : खुर्ची, पायऱ्या, फावडं, रक्ताचे डाग. सगळं जिथल्या तिथं.

टॅनर : सावल्या तरी?

डेलिया : सावल्यासुद्धा.

टॅनर : मेलेल्या बाईनं श्वास घेतला असेल. लिंडसे नेहमी घेते.

डेलिया : आज नाही घेतला. माझ्या उभ्या नोकरीत इतका बिनचूक शॉट मी बघितला नाही, टॅनर.

टॅनर : डेलिया, तो सिनेमातला शेवटचा खून आहे. लोकांना वाटेल आम्हाला सिनेमा काढता येतो!

डेलिया : वाटेल.

टॅनर : हे आधी का नाही सांगितलंस?

डेलिया : तू विचारलं नाहीस.

टॅनर : सामान भरू नका म्हणावं. उद्या परत काढू. आणि त्या मिस्टर अल्विनना विचार, टोपली घेऊन येतील का मागून.

डेलिया : ते म्हणतायत चादरी सगळ्या धुवून झाल्या.

टॅनर : परत मळवा म्हणावं! पैसे देतो!

डेलिया : सकाळी येतील. दुपारी त्यांना वेळ नाही. जेवायला वाढायचंय.

टॅनर : कुणाला?

डेलिया : सगळ्यांना. टेबलावर. पडद्यावरचं नाटक नाही, खरं जेवण.

टॅनर : कॅमेरा लावायचा नाही हं! ते रीळ हरवलंय.

डेलिया : माहितीये. हरवलेलंच जेवू.

अल्विन : …गेला का तो?

डेलिया : गेला.

अल्विन : खरंच काही चूक नव्हती? की माझ्यासाठी खोटं बोललीस?

डेलिया : कामाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. पहिल्यांदाच या घरात काही जागचं हललं नव्हतं.

अल्विन : म्हणजे इतके दिवस मी धडपडत होतो, आणि गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

डेलिया : बहुतेक तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर आम्ही अजून पहिल्याच खुनावर असतो.

अल्विन : लिडी हेच म्हणायची. अल्विन, तू कशाला हात लावू नकोस, आपोआप होईल.

डेलिया : तिची खुर्ची कुठली? उद्या तिथं कुणी बसायला नको.

अल्विन : बसू दे. रँडीला बसव तिथं. जाळी काढून बस म्हणावं, जेवताना सांडतो.

डेलिया : सांगते.

अल्विन : आणि परवा?

डेलिया : परवा निघणार, मिस्टर अल्विन. आता परत काढण्यासारखं काही उरलं नाही.

अल्विन : हो. तेही खरंच. मग जायच्या आधी एवढं टेबल मिटवून दे. फळ्या मी काढतो, तू फक्त दुसऱ्या बाजूनं लोट. एवढ्या मोठ्या टेबलाशी एकट्यानं बसलं की बरं दिसत नाही.

डेलिया : सकाळच्या गडबडीत मी विसरले तर?

अल्विन : तू? तुला तर पेला कुठल्या हातात होता तेही आठवतं. तू काही विसरायची नाहीस, पोरी.

डेलिया : एरवी नाही विसरत.

अल्विन : आणि विसरलीस तर टेबल असंच उघडं राहील. ते मिटवायला कुणालातरी परत यावं लागेल.

डेलिया : या सिनेमात चुका चालतात, मिस्टर अल्विन. कॉफी आहे का?