नुसतं गायकवाड चालेल

गायकवाड वहिनी, त्यांची लेक रूपाली आणि कारखान्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

काम थांबवून आपण सगळे इथे बसलो आहोत. मॅनेजर म्हणून पहिल्यांदा मी बोलावं, असं ठरलं. पण वहिनींकडे बघून बोलणं मला अवघड जातंय. का, तेच सांगते.

भास्कर गायकवाड आपल्या तपासणी विभागाचे प्रमुख. त्यांची सही असल्याशिवाय मार्केट यार्डातले व्यापारी आपला वजनकाटा उतरवून घेत नसत. आणि आपण त्यांना काय म्हणायचो? काका.

सानिका, आठवतंय? ते तुला ‘अहो सानिका’ म्हणायचे. तू म्हणालीस, “काका, अहो काय? एकदम आंटी झाल्यासारखं वाटतं!” ते म्हणाले, “मग तुम्हीही काका म्हणू नका. मलाही तसंच वाटतं.”

आपण हसलो. मीही हसले. ऐकलं कुणीच नाही.

मान खाली घालू नकोस, सानिका. चूक माझी आहे.

गेल्या महिन्यात ग्राहक आले होते. नव्या काट्याची माहिती गायकवाड देणार होते. शेजारी अनिकेत होता, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. ग्राहकांसमोर मी त्याला ‘अनिकेत सर’ म्हणत होते. आणि गायकवाडांना म्हणाले, “काका, जरा चहा सांगता का?”

ते उठले. चहा सांगून आले. मग माहिती दिली. उभ्यानंच.

संध्याकाळी केबिनमध्ये आले. “मॅडम, मला गायकवाड म्हणा. नुसतं गायकवाड चालेल.”

“अहो, मुलं प्रेमानं म्हणतात.”

“प्रेम घरी भरपूर आहे, मॅडम. इथं मी कामाला येतो.”

सोमवारी सगळ्यांशी बोलते, असा शब्द मी दिला. एक सोमवार गेला. दुसरा गेला. तिसराही गेला. मग गुरुवारी गायकवाड गेले.

विशीतली आणि साठीकडे झुकलेली माणसं एका छपराखाली सांभाळणं, हे माझं काम. सगळे हसताहेत म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले.

आता मागे बघा. फोटोखाली काय लिहिलंय? ‘आपले लाडके काका’. तो मजकूर मीच ठरवला. वहिनी, आत येताना तुम्ही तो वाचलात आणि क्षणभर थांबलात. मी पाहिलं.

अनिकेत, ती पट्टी काढ. आत्ताच. त्यांच्या टेबलावरची पाटी आण आणि तिथे ठेव. आम्ही थांबतो.

…हं. वाचा सगळ्यांनी. भास्कर गायकवाड. प्रमुख, तपासणी विभाग.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू या.

गायकवाड, आज सोमवार आहे.