परत घेतलेले आभार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष श्री. क्लेम, नाट्यगृहाच्या संचालिका श्रीमती ओर्टलीब, मधल्या खुर्चीत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती वृंदप्रमुख श्री. ट्राउगोट मेलहोर्न, पाद्रीसाहेब, वृंदातली सगळी गाणारी मंडळी आणि समोर बसलेले माझे गावकरी,

हौशी गायकांच्या कुटुंबांतर्फे दोन शब्द बोलायला मला सांगितलं आहे. मी रेनाटे पेट्झोल्ड, रेल्वे कारखान्यातल्या एबरहार्ड यांची बायको. अध्यक्षांनी आत्ता सांगितलं की या रंगमंचावर उभं राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यांचा मान राखून सांगते, ही दुसरी आहे. पहिल्या वेळेची गोष्ट वृंदातल्या माणसांनी सात वर्षं पोटात ठेवली.

एकोणनव्वदचा ऑक्टोबर आठवतो ना? भिंत पडायला अजून महिना होता. एखादा माणूस एक दिवस कामावर दिसला नाही की लोक म्हणायचे, गेला सरहद्दीपलीकडे. त्यातच शनिवारी आपल्याकडे तुरुंगाच्या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. कथा तुम्हाला पाठच आहे. नवरा कोठडीत, बायको पुरुषाचा वेष करून त्याच तुरुंगात नोकरीला लागते आणि त्याला सोडवते. मध्येच कैद्यांना घटकाभर उजेडात आणतात, तेव्हा चोवीस पुरुष गातात. बारा नाट्यगृहाचे, बारा गावातले हौशी. एबरहार्ड मागच्या ओळीत, डावीकडून तिसरे.

बुधवारी ते चर्चमधल्या शांतिप्रार्थनेला गेले, जिथून निघणाऱ्यांना तेव्हा पोलीस उचलायचे, आणि घरी आलेच नाहीत. पकडलं म्हणावं तर कुणी पाहिलं नव्हतं. पळाले म्हणावं तर दाढीचं सामान घरीच. कारखान्यात मी ताप आल्याचं कळवलं. पण नाट्यगृहाचा नियम असा, की प्रयोगाआधी अर्धा तास दरवाजावरच्या वहीत ज्याची सही नाही, त्याचं नाव वर जायचं. नाव गेलं की पळाला असं धरणार, पोलीस दारात येणार, आणि आमच्या लेकीची, आनेग्रेटची, शाळेची शेवटची परीक्षा तिथेच संपणार.

शनिवारी दुपारी मी मेलहोर्नसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, "साहेब, ती वही दोन दिवस हरवता नाही का येणार?"

ते म्हणाले, "त्याचा गाण्यातला भाग तुम्हाला येतो?"

"सहा महिने स्वयंपाकघरात तेच ऐकतेय. न येऊन काय करते?"

"चर्चमध्ये कुठल्या आवाजात गाता?"

"खालच्या. माझ्याखाली फक्त ऑर्गन."

"मग चला वेशभूषेत."

म्हटलं, बाईनं पुरुषाचे कपडे घालणं आपल्या धर्मात मना आहे. तर म्हणतात, "पेट्झोल्डबाई, आमची नायिका अडीच तास विजारीत हिंडते. तुमचं पाप पंधरा मिनिटांचं."

वेशभूषेतल्या वुंडरलिशबाई तिसऱ्या रांगेत हसतायत. हसा. त्यांनीच मला पट्टीनं आवळलं, तोंडाला काजळी फासली, बुटांत वर्तमानपत्र कोंबलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं जमलं. पण चालताना अजून मुलाबाळांची आई दिसता."

वहीत सही करायला मी पेन उचललं, ते साहेबांनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि एबरहार्ड यांची सही स्वतःच केली. "खोटं माझ्या नावावर असू द्या. तुम्हाला उद्या चर्चला जायचंय." दरवान नेमका तेवढ्यात चहाच्या किटलीकडे वळला. मुद्दाम वळला का, ते मला अजून कळलेलं नाही.

पडदा उघडायच्या आधी साहेब शकुन म्हणून एकेकाच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करत आले. त्यावर आभार मानायचे नसतात, मानले तर अरिष्ट येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण आईनं लावलेली सवय. तोंडातून गेलंच, "आभारी आहे."

तेवीस माना वळल्या. शेजारी उभे असलेले नेस्टलर कुजबुजले, "अहो बाई, काय केलंत हे?"

साहेबांचा चेहरा उतरला. "परत घ्या."

"आभार परत कसे घेतात?"

"तोंडानं दिलेत, तोंडानं घ्या."

"घेतले."

ते पुन्हा तीनदा थुंकले. मी ओठ दातांखाली धरला.

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, मी देवाला मानते. तरीही कोठडीचं दार उघडून डोळ्यांवर दिवे आले, तेव्हा मनात एकच होतं: त्या शब्दानं एबरहार्ड यांचं काही बरंवाईट तर झालं नसेल? पहिल्या दोन ओळी माझ्या सुटल्याच. विंगेत पाहिलं, तर साहेब नुसत्या ओठांनी एबरहार्ड यांचा भाग म्हणत होते, माझ्याकडे बघत. तिसऱ्या ओळीला मी लागले.

रविवार गेला, सोमवार गेला. जिन्यात पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. मंगळवारी ते आले. दाढी वाढलेली, कमरेचा पट्टा काढून घेतलेला, विजार हातानं धरलेली. पोलिसांनी कुठल्याशा गॅरेजात भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं होतं. सूप प्यायले आणि पहिलं विचारलं, "माझ्या जागी कोण होतं?"

मी म्हटलं, "होता एक. चालताना मुलाबाळांची आई दिसायचा."

त्यानंतर साहेब भेटले की मी तोंड उघडायची, आणि ते ओठांवर बोट ठेवायचे. "बाई, प्रयोग अजून बाकी आहेत." असं सात वर्षं चाललं. त्यांचा शेवटचा प्रयोग काल झाला. आता चालेल ना, म्हणून वुंडरलिशबाईंना मी दोनदा विचारून घेतलं आहे.

मला बोलायची सवय नाही. कुणाचा मान राहून गेला असेल, काही अधिकउणं तोंडून गेलं असेल, तर पोटात घाला. हे सगळं जुन्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणलं होतं. शेवटची ओळ पुसट झाली आहे, पण ती पाठ आहे.

मेलहोर्नसाहेब, त्या शनिवारी तुम्ही परत घ्यायला लावले होते. हे घ्या.

आभारी आहे.