खांब कुणाच्या शेतात

हॅलो?… हो, बोल ताई… नाही, मशीन सुरू नाहीत. आठही मशीन झाकूनच. मोजे विणायची मशीन ती, पण सध्या त्यांच्यावर बाळाची दुपटी वाळतायत…

थांब, वायर चघळतोय हा. सोड रे… दात येतायत त्याचे. ताप? बघितला, तीनदा. मी कशाला घाबरू?… बरं, पाचदा बघितला.

अगं, ऐक ना. टेम्पो नको पाठवूस. हो, हो… कबूल केलंय मी भावोजींना, आज वीज आली नाही तर त्यांची मशीन परत. पण आज संपलाय कुठे?

चौदा महिने अडलं कशावर? एका खांबावर. रस्ता आणि आपली शेड यांच्यामध्ये गावच्या जमीनदारांचं, मालकांचं शेत, त्यांची संमती हवी. तोंडावर नाही म्हणत नाहीत गं ते. उद्योग विकास समितीचे अध्यक्षच आहेत. कारखाने आले पाहिजेत म्हणून तासन्‌तास बोलतात, फक्त त्यांच्या बांधावरून नकोत… का म्हणजे? बायकांना इथे पंख्याखाली काम मिळालं, तर त्यांच्या मळ्यात उन्हात वाकायला कोण जाईल?

वीज कार्यालयाचे साहेब काय करणार? कार्यालयच मालकांच्या इमारतीत. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवरसुद्धा मालकांचं नाव रंगवलंय. ‘सरकार विचार करतंय’ म्हणतात आणि त्याच नावाला टेकून बसतात.

तर काल मी त्या जमिनीचा उतारा काढला… याला कडेवर घेऊनच, दुसरं कोण आहे इथे? आणि नाव कुणाचं निघावं? मालकांच्या सुनेचं… अगं, एकाकडे फार जमीन नको असा कायदा आला ना, तेव्हा वाटून टाकली यांनी. कागदावर हं. सुनेच्या नावावर, भाच्याच्या नावावर, वारलेल्या आत्याच्यासुद्धा. उतारा बघायचं सुचलंच नाही कुणाला. मालक म्हणजे मालक, झालं.

मी गेले ना. सकाळीच गेले सुनेकडे. मालक तेव्हा समितीच्या बैठकीला, उद्योगांवर बोलायला… हो, तिने संमतीचा कागद दोनदा वाचला. म्हणाली, लग्न झाल्यापासून ढीगभर सह्या केल्या, वाचून केलेली ही पहिलीच.

तो कागद नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हणे, मालकांना विचारतो. म्हटलं, खुशाल विचारा, फक्त जमीन मालकांची आहे असं मला लिहून द्या… देतील कसे? लिहिलं की कायदा मालकांच्या दारात. मुकाट्याने सही ठोकली.

आत्ता काय? खांब उभा राहिलाय, या खिडकीसमोरच. आपल्या बायकांनीच दोर ओढले. वायरमन वर चढलाय, तेवढी तार जोडली की…

अगं बाई. मालकांची गाडी… नाही, थांबली. उतरले… नुसते वर बघतायत. माझ्या शेतात का, असं विचारायची सोय नाही ना. साहेब झाडामागे… आता काहीतरी म्हणाले… म्हणाले, डावीकडे झुकलाय खांब.

हसतेस काय? वायरमन थांबलाय वर. मालकांनी मान हलवल्याशिवाय इथे कुणी तार जोडत नाही, रीतच आहे. आणि मालक मान हलवत नाहीयेत… कशी सांगू मी त्याला? माझं कोण ऐकतंय?…

ताई, सून आली. एकटीच, बांधावरून चालत… मालकांनी हटकलं तिला, इथे काय करतेस म्हणून… श्श, ऐकू दे जरा…

“माझ्या शेतात आलेय,” म्हणाली.

…आहे गं, फोनवरच आहे. वायरमन एकदा यांच्याकडे बघतोय, एकदा तिच्याकडे… तिने मान हलवली.

पंखा फिरतोय, ताई… रडत नाहीये मी. भावोजींना तू सांग. बायका आत आल्यासुद्धा… काय? मोठ्याने बोल… पहिलं मशीन लावलं त्यांनी, आता काही ऐकू येत नाही. ठेवते.