वाट घाडीभाऊंचीही होती

शालिनीवहिनी, तावडेकाका आणि चाळीतल्या सगळ्या मंडळींनो,

खरं तर घाडीभाऊंच्या या शोकसभेत बोलायला माझा नंबर लागायला नको होता. मी या चाळीतली नाही. मी मीनल दिघे. समोरच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. तुमच्यातले बरेच जण मला 'ब्रूनोची आई' म्हणून ओळखतात. ब्रूनो म्हणजे माझा लॅब्रेडॉर कुत्रा. घाडीभाऊंच्या नोकरीबद्दल, त्यांच्या भजनातल्या आवाजाबद्दल तुम्ही आत्ता बोललात. तेवढं मला माहीत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती जड जातेय. मध्ये थांबले तर सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही नुकतेच इथे राहायला आलो होतो. आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे. कुत्र्यांनी आवारात घाण करायची नाही. आम्ही सगळे तो नियम अगदी कडक पाळायचो. कसा पाळायचो? कुत्र्याला गेटबाहेर आणायचं, तुमच्या चाळीच्या भिंतीलगतच्या गल्लीत. तिथे पाटी नव्हती. आत आम्ही स्वच्छ. बाहेरचं आमचं नव्हतं.

एके दिवशी सकाळी ब्रूनो भिंतीपाशी बसला. त्याचं झालं. मी इकडेतिकडे बघितलं आणि पुढे निघाले. रोजच निघायचे. दहा पावलं गेले असेन, आणि मागून काठीचा आवाज आला. घाडीभाऊ ऑफिसला निघाले होते. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं हे मला ठाऊक होतं. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर आहेत, एवढंही ऐकलं होतं. पांढरी काठी डावी-उजवी फिरवत ते सरळ त्या घाणीकडे येत होते.

मी हाक मारायला हवी होती. 'भाऊ, जरा थांबा.' चार शब्द नव्हते हो. तीनच.

मी नाही मारली.

मी काय केलं ते सांगते. ब्रूनोच्या पट्ट्याला घुंगरू होतं. तो हलला की वाजायचं. मी खाली वाकले आणि ते घुंगरू मुठीत घट्ट धरलं. आम्ही तिथे आहोत हे त्यांना कळू नये म्हणून. काठीचं टोक घाणीत गेलं. बूट वाचला, काठी भरली. ते क्षणभर थांबले, मग पुढे चालू लागले. नाक्यावर तावडेकाका नेहमीसारखे उभे होते. काका, तुम्ही त्यांचा हात धरलात. तुमचा हात मिळाला की ते काठीची घडी घालून खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचे. त्या दिवशीही ठेवली. त्याच पिशवीत त्यांचा डबा होता. मी हे सगळं बघत उभी होते.

संध्याकाळी मी ऑफिसमधून परत येत होते, तेव्हा घाडीभाऊंच्या पत्नी, आपल्या वहिनी, नळावर दिसल्या. डबा, पिशवी, काठी, सगळं साबण लावून घासत होत्या. मी विचारलं, "काय झालं?" विचारायची काय गरज होती मला?

वहिनी म्हणाल्या, "कुणाच्या तरी कुत्र्याचं. डबा काढायला हात घातला तेव्हा कळलं त्यांना. दिवसभर उपाशी राहिलेत."

मी "अरेरे" म्हटलं. वहिनी, मी "अरेरे" म्हटलं आणि लिफ्टने वर गेले.

त्यानंतर मी सुधारले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही सुधारले. पुढचे आठ दिवस मी ब्रूनोला पलीकडच्या गल्लीत नेलं. तिथे करू दिलं आणि तिथे टाकून आले. तिकडून घाडीभाऊ जात नव्हते. दुसरं कुणी तरी जात असेलच ना?

मग एका रविवारी भाऊ इथेच, या पायरीवर बसले होते. ब्रूनो मला ओढत त्यांच्याकडे गेला आणि त्यांचा हात चाटू लागला. त्यांनी त्याचं डोकं कुरवाळलं. पट्टा चाचपला. घुंगरू बोटाने हलवून बघितलं.

"हाच ना तो?" ते म्हणाले.

"कोण?" मी.

"त्या दिवशी याचं घुंगरू वाजत होतं. मग एकदम थांबलं. कुत्रा स्वतःचं घुंगरू मुठीत धरत नाही, मॅडम."

ते चिडले असते तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण ते चिडलेच नाहीत. म्हणाले, "याला काय कळतंय? मुकं जनावर आहे. पण तुम्ही वाट डोळ्यांनी बघता, मी काठीने शोधतो. काठीला घाण सापडेपर्यंत उशीर झालेला असतो."

मी काहीतरी पुटपुटले. भटकी कुत्रीही आहेतच की गल्लीत, असं काहीतरी. तेव्हा ते हसले. "आहेत ना. त्यांच्यासाठी कुणाला बोलणार? त्यांना मालक नाही. याला आहे."

दुसऱ्या दिवशी मी जुना पेपर आणि पिशवी घेऊन खाली उतरले. पहिल्यांदा उचललं तेव्हा मला ओकारी आली. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, झाडूवाले आहेत ना त्याला!" माझ्या मनात मात्र आलं, त्या झाडूवाल्यांनाही हातच आहेत.

तेवढ्यात भाऊ आले. पेपरची सळसळ ऐकून थांबले.

"उचललंत?"

"उचललं."

"पिशवी कुठे ठेवलीत?"

मी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. तसं सांगितलं.

"म्हणजे आता माझ्या काठीला पिशवी लागणार. प्रगती आहे!"

मी ती पिशवी उचलून घरी नेली. घाण संडासात टाकली, फ्लश केला, हात धुतले. किती वेळ लागला? वहिनींना नळावर धुवायला जेवढा लागला, त्याच्या निम्माही नाही.

पुढे हे आमचं रोजचं झालं. त्यांच्यासाठी मी मॅडमची मीनलताई झाले. ते रिटायर झाले तरी सकाळी दूध आणायला निघायचेच. मग मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "गेटच्या बाहेरचं आपलं काम नाही." मी म्हटलं, "कुत्रे तर आपले आहेत?" वाद झाला, आवाज चढले. आज आमच्या बिल्डिंगमधली सात कुत्री या गल्लीत येतात. पाच जण उचलतात. दोघं अजून उचलत नाहीत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मी कोण होते, ते आत्ताच सांगितलं तुम्हाला.

मीटिंगमध्ये मी काठीचं सांगितलं होतं, डब्याचं सांगितलं होतं. घुंगरू मुठीत धरल्याचं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, ते फक्त मला आणि भाऊंना माहीत आहे. मागच्या मंगळवारी भाऊ गेले. देवपूजा करून उठले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं. मग ते गुपित माझ्या एकटीपाशी उरलं. मला ते सोसेना. काल दुपारी मी वहिनींकडे गेले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

वहिनी शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माका ठावक होता, बाय. ह्येंनी तेवाच सांगितल्यानी. म्हणाले, ती आता उचलता, तू काय एक बोलू नको. आपल्या दारावरसून जाताना तिका लाज वाटूक नको."

मंडळी, तीन वर्षं! तीन वर्षं या बाईंनी मला चहा पाजला. गणपतीत उकडीचे मोदक पाठवले. ब्रूनोसाठी भाकरीचा तुकडा बाजूला ठेवला. सगळं माहीत असताना. आणि मला लाज वाटू नये याची काळजी कुणी घ्यावी? जो माणूस माझ्यामुळे दिवसभर उपाशी राहिला, त्याने.

मी रोज उचलत राहिले, पण भाऊंची माफी कधी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, करत राहिले. ते होते तेव्हा फार सोपं होतं. आज ते नाहीत. म्हणून त्यांच्या माणसांसमोर मागते.

घाडीभाऊ, माझं चुकलं. मला माफ करा.

आता सगळ्यांनी जागेवर उभं राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, भाऊंना ते चाललं असतं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.