नुसतं चोळायचं, बोलायचं न्हाय

मूळ आमी साताऱ्याकडचे, लगीन झालं आन तुर्भ्याला आले, मालक मार्केटात माथाडी आन मी बाळंतिणींची मालिश करायची, पार शिरवण्यापतूरची पोरं माझ्या पायावर न्हाऊन मोठी झाली. हात चालला की तोंडबी चालायचं माझं. बाळाला तेल लावताना त्याच्या मामाला शिव्या, आत्याची चेष्टा, बाळंतीण हसून हसून म्हणायची, मावशी, बास आता, पोट दुखतंय.

मग मालक गेले. खोली दिराच्या नावावर, ती त्याच्याकडं गेली, लेक आधीच सासरी गेलेली. तवा कुणीतरी सांगितलं, नावड्याच्या पलीकडं शेतात हॉटेल निघालंय, तितं मालिशवाली पायजे, ऱ्हायला खोलीबी देत्यात.

काय सांगू तुमाला, हॉटेल म्हंजी च्या-भजी असंल असं मला वाटलेलं. बघते तर भिंतींना प्लास्टर न्हाय, शेतात भात लावलाय तो नुसता बघायला. मी हॉटेलच्या मॅडमला इचारलं, काम अर्धवट ऱ्हायलंय का, तर हसल्या, म्हणाल्या, मावशी, डिझाईनच तशी आहे. बाई चांगली, ओरडणं न्हाय, घाई न्हाय. फकस्त पाव्हण्यांशी बोलायचं न्हाय, ती माणसं शांततेसाठी येत्यात, आन खोलीवर नातलग आणायचं न्हाय. पयल्याच दिवशी एका बाईचं अंग चोळून झालं आन मी सवयीनं तिच्यावरनं हात ओवाळून माझ्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, दृष्ट काढतात तशी, तर ती दचकून उठूनच बसली. तवापासनं तेबी बंद केलं.

पुढं लेकीला दिवस गेले. पयलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण माहेर हाय कुठं? नाक्यावरच्या एसटीडीवरनं फोन लावला, म्हटलं, बाय, तितंच कर. बरं म्हणाली, तेवढंच. जगाच्या बाया मी चोळायच्या आन माझी बाळंतीण दुसरीच्या हाताखाली, लई रडले त्या दिवशी.

बारशाला सुट्टी घेऊन गेले. विहीणबाई मनानं मोठ्या, म्हणाल्या, आज तुमीच घाला न्हाऊ. नातीला पायावर घेतली, तेल लावलं, पाठ झाली, हातपाय झाले, पोर माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. लेक म्हणती, आये, बरं न्हाय का तुला, बोलत का न्हाईस? तवा मला कळलं, मी गपच हाय. मग बोलाय गेले तर काय बोलायचं तेच सुचंना, मामा सुचंना, आत्या सुचंना. पाणी घातलं, पुसलं, धुरी दिली आन लेकीच्या हातात दिली.

परत आले. काम हाय, खोली हाय, दोन टायमाला जेवण हाय, वाईट कोण म्हणंल? परवा लेकीला फोन केला, म्हणाली, आये, पोरगी बोलाय लागली. म्हटलं, आजी म्हणती का? म्हणती की, म्हणाली, दिसभर सासूबाईंच्या मागं आजी आजी करत फिरती. म्हटलं, म्हणू दे बाय, जवळ हाय तिलाच म्हणणार. लई औक्ष मिळू दे पोरीला, आन तिच्या आजीलाबी.