सुरतेची तारीख

नाय साहेब, पळून कुठं जाणार — वॉरंट मला वाचता येत नाय, पण तुम्ही म्हणताय म्हणजे सुरतेच्या कोर्टाचंच असणार. बसा ना. खुर्चीवर बसा, पलंगावर तुमची मावशी झोपलीय, आमची मंडळी, भामाबाई — उठली की आधी मला शोधती, दिसलो नाय तर दारावर डोकं आपटती. म्हणून हळू बोलतो. तसा मी हळूच बोलतो म्हणा.

चेक माझाच. सही पण माझीच. जावयानं, काकासाहेबानं, उस्मानपुऱ्यात साड्यांचं दुकान टाकलं. सुरतेचा व्यापारी म्हणाला, माल उधार देतो, पण घरातल्या मोठ्या माणसाचा सही केलेला कोरा चेक पाहिजे. जावई दारात येऊन मागतोय — नाय कसं म्हणायचं? दुकान बसलं, जावई आमच्या संध्याला घेऊन पुण्याकडं गेला, आता दोघांचेही फोन लागत नायत. व्यापाऱ्यानं चेक सुरतेच्या बँकेत टाकला, तो परत आला. चेक जिथं टाकला तिथं केस — असा कायदा आहे म्हणे.

मग सुयश वकिलांनी दिल्लीच्या मोठ्या कोर्टात अर्ज लावला — केस इथं संभाजीनगरला आणा, माणूस म्हातारा, बायकोचं डोकं ठिकाणावर नाय, तिला कुणापाशी ठेवता येत नाय, लांब नेता येत नाय. चांगला लिहिला होता, मला वाचून दाखवला. पण मीच आधी घोळ करून ठेवला होता ना. पहिल्या तारखेला सुरतेला गेलो होतो — कोर्टानं बोलावलं, जायला नको? हिलाही नेलं. तिथले जजसाहेब लई भला माणूस. हिच्याकडं बघून विचारलं, बाबा, आने में तकलीफ तो नहीं हुई? आता मोठा माणूस आपुलकीनं विचारतोय, त्याच्यापुढं रडगाणं गायचं का? मी हात जोडले — नहीं साहेब, आराम से आये. पाहुणा दुसरं काय म्हणतो? त्यांनी ते लिहून घेतलं. व्यापाऱ्याच्या वकिलानं तेच दिल्लीत दाखवलं — बघा, आरोपी बायकोला घेऊन आरामात आला होता. अर्ज फेटाळला. त्यानंतरच्या तारखांना मी गेलोच नाय. म्हणून तर तुम्ही आलात.

खरंच आरामात गेलो होतो का? रेल्वेत नंदुरबारच्या पुढं तिला कपड्यातच झालं, साहेब. लोक नाकाला रुमाल लावून उठून गेले. तिला माझं धोतर गुंडाळलं, संडासात कोंडून घेतलं दोघांनी, मी साडी धुतोय अन् ती आतून दार बडवतीये — हा कोण माणूस, मला सोडवा कुणीतरी. पोलीस आले, पुढच्या ठेसनावर मला कॉलरीला धरून उतरवलं. आधार कार्ड दाखवलं तवा कुठं नवरा ठरलो.

वकिलांना नाय सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी अर्जात लिहिलं असतं, दिल्लीत मोठ्यानं वाचलं असतं सगळ्यांसमोर. अहो, हिनं जन्मात डोईवरचा पदर खाली येऊ दिला नाय.

सुरतेला न्यायच्या आधी आज इथल्या जजसाहेबांपुढं उभं करणार, तवा त्यांना सांगू म्हणता? नको. तुमच्यापाशी बोलून गेलो, तेवढं विसरा. गाडीत दोघांना जागा आहे ना? तिथं मला आत घातलं तर हिला कुठं ठेवतील, ते तुम्हाला काय माहीत असणार. मलाही नाय — उठली बघा. जरा बाहेर थांबा, साहेब. परक्या माणसासमोर ती वेणी घालून घेत नाय.