आत वळलेला कोंब

— नाही नाही, तो 'बंड' शब्द आधी खोड त्या कागदातून. कुणी लिहिलंय? तूच ना? मग तूच खोड. शहरातल्या संग्रहालयातून एवढी लांब आलीस, कॉफी घे, केळी खा, पण सापियाह म्हातारीनं परंपरेशी बंड केलं, असलं काही माझ्या नावावर खपवू नकोस. बंड कसलं? बापानं भावाला लाकूड कोरायला शिकवलं, मला नाही; मी भिंतीच्या फटीतून बघून शिकले. पटाशी त्याच्यापेक्षा बरी चालवते, त्यालाच विचार — मेला तो, म्हणून, नाहीतर कबूल केलं असतं. पण नियम? एक मोडलेला नाही. कोंबाचं टोक शेजारच्या पानाला टोचायचं नाही, वळून आपल्या मुळाला टोचायचं नाही. मान खाली घालून वाढायचं, माणसानं वागावं तसं. त्या चार फळ्या बघ. आहे का एक तरी टोक टोचणारं?

हो, पाचवीवर आहे. बघितलंस तर! सगळी वेल कशी सुतात चाललीय, आणि हा एकटा कोंब गर्रकन वळून आपल्याच मुळात घुसलाय. चूक? माझी? अगं, तो होताच तसा. मी मनातलं कोरत नाही. पान समोर लागतं, ताजं, चीक गळणारं. आणायचं कुणी? रुबियाहनं, माझ्या लेकीनं. हट्टी होती फार. पुराचे दिवस, नदी लाल झालेली, आणि ही बया होडी घेऊन पलीकडच्या रानात गेली. स्वतःहून. मी काय करणार?

स्वतःहून म्हणजे — माझी वेल सुकली होती. शुक्रवारी मशिदीत फळी द्यायची होती. ती म्हणाली, 'आई, पाणी ओसरू दे.' मी म्हटलं, 'भित्री भागूबाई! बापावर गेलीस.' एवढंच म्हटलं. एवढंच.

होडी दुपारी दिसली मला, खालच्या वळणावर, बांबूत अडकलेली. रिकामी. म्हणजे वेल होती आत, ओल्या फडक्यात नीट गुंडाळलेली, तिच्या पद्धतीनं. हाच कोंब, मोडून आत वळलेला. आणि मी काय केलं — पेन खाली ठेव आधी. ठेव. मी ती वेल उचलली, शंभर पावलं चालत घरी आणली, भांड्यात पाणी ओतलं, वेल त्यात उभी केली. सुकू नये म्हणून. मग अंगणात येऊन ओरडले.

गाव म्हणतं, लेक गेली आणि म्हातारीचा हात थिजला, म्हणून तर पोरीच्या थडग्याला तिच्या हातची कोरीव खूण नाही, बाजारातला सिमेंटचा दगड. थिजला? ती सापडायला तीन दिवस लागले, पोरी. त्याच तीन दिवसांत ही फळी पुरी झाली. माणसाचा चेहरा आमच्यात कोरत नाहीत. मग जे हाती होतं ते कोरलं, होतं तसं. इमामानं त्या टोकावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आणि फळी परत पाठवली. आणि तू म्हणतेस बंड!

अं? नको, हात नको लावूस. चार ने, कबूल केल्यात. ही नाही. हिच्याखाली काय लिहिशील तू? — रडतेस कशाला? तुझी कोण लागत होती ती? टाक ते फडकं फळीवर. आणि ऊठ, तुझा होडीवाला केव्हाचा हाका मारतोय. जा — पाणी चढायच्या आत जा.